पत्र्याची पाल

माझ्या फोनमध्ये एक पाल आहे आणि ती माझ्या नावानं ओळखली जाते, हे मी आधीच सांगून टाकते. आमच्या पेठेत एका दुकानातली गोष्ट दुसऱ्या दुकानात पोचेपर्यंत तिला शेपूट फुटतं, आणि हिला तर मुळातच शेपूट आहे. तेव्हा माझ्याकडून कळलेलं बरं.

आमचं सोलापुरात, मंगळवार पेठेत स्टीलच्या भांड्यांचं दुकान आहे. नवरा गल्ल्यावर बसतो आणि मी भांड्यांवर नावं घालते. लग्नाचं ताट असो, वास्तुशांतीची बादली असो, नाहीतर कुणाच्या स्मरणार्थ देवळाला दिलेली समई असो, घर्रर्र करणारं मशीन घेऊन मी बसते आणि नाव, गाव कोरून देते. सोलापुरातल्या निम्म्या स्वयंपाकघरांत माझं अक्षर आहे. त्यात एक डबा आहे, तो मात्र तीन वर्षं माझ्याच फडताळात पडून होता. त्याच्यावर नाव माझ्या थोरल्या जावेचं.

थोरल्या जावेला मी अक्का म्हणते. त्या मला 'धाकटे' म्हणतात. सव्वीस वर्षं आम्ही दोघी एका चुलीवर होतो. एकीनं भाकरी थापायची, दुसरीनं भाजायची, आणि दोघींनी मिळून नणंदेला नावं ठेवायची, असं सगळं सुरळीत चाललं होतं. मग मुलं मोठी झाली, घर पुरेना, आणि भावाभावांनी हसतखेळत दुकान आणि चूल वेगळी केली. थोरल्यांचं दुकान त्याच रस्त्यावर, चार दुकानं सोडून, आणि दुकानामागंच त्यांचं घर. भांडण कसलंच नव्हतं. ते आम्ही नंतर केलं.

वेगळं झाल्यावर आठवड्यातच अक्कांनी डबाभर शेंगाचटणी पाठवली. उखळात कुटलेली, तेल सुटलेली. अक्कलकोटच्या माहेराहून त्यांनी आणलेला हात आहे तो, तसा दुसरा नाही, हे मी तेव्हाही मानत होते. त्याच दिवशी नणंदेचा फोन आला आणि मी सहज बोलून गेले, "अक्कांची चटणी आलीय, झकास आहे, फक्त मीठ जरासं पुढं गेलंय." एवढंच. 'जरासं' म्हटलं होतं मी, देवाशपथ. पण ते वाक्य नणंदेच्या घरून फिरून परत पेठेत आलं तेव्हा चटणी 'तोंडात धरवत नाही एवढी खारट' झालेली होती.

अक्कांनी बोलणं टाकलं. मी म्हटलं, नाही तर नाही. राग माझ्याही नाकाच्या शेंड्यावरच असतो. भाऊ भाऊ रोज सकाळी एका टपरीवर चहा पीत होते आणि आम्ही दोघी देवळात समोरासमोर आलो की देवाकडं बघत होतो.

राहिला तो डबा. आता आमच्यात असं आहे की आलेलं भांडं रिकामं परत द्यायचं नाही. चिमूटभर साखर का होईना, घालूनच द्यायचं. आईनं हे इतकं डोक्यात बसवलंय की रिकामं भांडं कुणाच्या हातात द्यायला गेले तर माझा हातच पुढं होणार नाही. पण भरून द्यायचं म्हणजे मीच आधी वाकले असं झालं असतं. रिकामं देववत नाही आणि भरून द्यायला मान आडवी येते. तीन वर्षं मी तो डबा घासून, पुसून, पालथा घालून ठेवत होते, आणि फडताळ उघडलं की पहिली नजर त्याच्यावरच जात होती.

आता पालीकडं येते.

आमची मुलगी पुण्याला नोकरीला असते. मला साखर निघाली तेव्हा डॉक्टर म्हणाले, चाला. मी म्हटलं, दुकानात दिवसभर उभीच असते की. तर लेकीनं माझ्या फोनमध्ये एक खेळ घालून दिला. तुमी म्हणाल, ह्या वयात? मीपण तेच म्हटलं. फोन घेऊन चालायचं, रस्त्यात चित्रविचित्र प्राणी दिसतात, त्यांना जाळं टाकून धरायचं, पाळायचं, वाढवायचं. जेवढी पावलं चालाल तेवढे ते मोठे होतात. घर एक होतं त्या शेवटच्या दिवाळीतली ही गोष्ट. अक्कांचा मुलगा बेंगलोरहून आला होता, त्यानं त्याच दिवशी अक्कांच्याही फोनमध्ये तोच खेळ घातला, गुडघ्यासाठी. दोघींना एकमेकींच्या यादीत घालून दिलं आणि दोघंही आपापल्या गावाला निघून गेले.

खेळातला सगळ्यात भारी प्राणी म्हणजे पोलादी ड्रॅगन. लेकीनं मला त्याचं चित्र दाखवलं. अंगावर खवले कसे, नव्या ताटांची चवड लावावी तसे. पंख पराती कापून केल्यासारखे. मी धंद्याच्या नजरेनं बघितलं आणि सांगितलं, "पॉलिश बरं आहे, पण जोड कुठं दिसत नाही. एवढं मोठं अंग बिनजोडाचं कुणी काढत नाही. आणि पोटाकडं पत्रा पातळ आहे, पोचा येणार." लेक म्हणाली, "आई, तो आग ओकतो." मी म्हटलं, "मग तर काळाच पडणार."

पण हा ड्रॅगन असा मिळत नाही. आधी सापडते ती पत्र्याची पाल. चपटी, गंजकी, डोळे वटारलेली. ती वाढवायची, आणि पूर्ण वाढली की आपल्या यादीतल्या जुन्या मैत्रिणीकडं पाठवायची. त्या मैत्रिणीनं सात दिवस तिला आपल्याबरोबर चालवायचं आणि मग परत करायचं. परत आली की गंज झडतो, पंख फुटतात आणि ड्रॅगन होतो. हे सगळं मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि तेही अर्धंच.

रोज संध्याकाळी मी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारते. अक्काही मारतात. मी डावीकडून, त्या उजवीकडून, म्हणजे प्रत्येक फेरीत दोनदा गाठ. आधी मोठी पंचाईत व्हायची. खेळ आल्यापासून सोय झाली. समोरून अक्का दिसल्या की मी फोनमध्ये डोकं घालायची, त्याही घालायच्या, आणि दोन पोक्त बायका हवेत बोटं फिरवत एकमेकींच्या अंगावरून निघून जायच्या. एकदा तर दोघी एकाच प्राण्यासाठी एकाच बाकाशी थांबलो. कमळाच्या पानासारखे कान असलेला कसलासा बेडूक होता. तो मलाही मिळाला, त्यांनाही मिळाला. दोघींनी तोंडातून चकार शब्द काढला नाही.

मग एके सकाळी नवरा पोहे खाता खाता म्हणाला, "दादा दुकान बंद करतायत. पुढच्या रविवारी दोघं बेंगलोरला निघाले, मुलाकडं. कायमचेच."

मी कढई घासत होते. घासतच राहिले. नवरा म्हणाला, "अगं, किती घासशील, भोक पडेल." वाटलं, आता तलावाला फेऱ्या मारताना समोरून कोण येणार? जिच्याशी बोलत नाही ती बाई रोज दिसणं हीसुद्धा एक सोबत असते, हे मला त्या कढईशी कळलं. पण उठून चार दुकानं चालत जायचं काही झालं नाही. पाय निघाला नाही, खरं सांगते.

आणि त्याच दुपारी, म्हणजे शुक्रवारी, दुकानात फोन वाजला. उघडून बघते तर पत्र्याची पाल! अक्कांनी पाठवलेली. खेळात प्राण्याला आपण नाव ठेवू शकतो. तर त्या गंजक्या, डोळे वटारलेल्या पालीच्या डोक्यावर चक्क मराठीत लिहिलेलं होतं: धाकटी.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तीन वर्षं शब्द नाही आणि आता पाल पाठवतात, ती पण माझं नाव घालून! समोरच्या गिऱ्हाइकाच्या पेल्यावर मी रागाच्या भरात एक रेघ जास्त ओढली, तो पेला आता आमच्याच घरात आहे. नवऱ्याला दाखवलं. त्यानं चष्मा वर करून नीट पाहिलं आणि म्हणाला, "डोळे जमलेत."

दोन दिवस त्याच्याशी पण बोलणं बंद होतं.

पण पाल माझ्याकडं आलेली होती. आल्या जिवाला उपाशी कसं ठेवायचं? चालताना मी तिला बरोबर घेतलं. ती मागून तुरुतुरु यायची, मी थांबले की थांबायची आणि मान तिरकी करून बघायची. तलावाला रोज दोन फेऱ्या जास्त मारल्या. समोरून अक्का यायच्या, फोनमध्ये डोकं. आता त्यांच्या मागं पाल नाही, माझ्या मागं आहे, हे दोघींना माहीत. तिसऱ्या दिवशी मला वाटलं, त्यांनी किंचित मान वर केली. मीपण केली. पण तेवढ्यात दोघींनी खाली घातली.

सातव्या दिवशी फोनवर घंटा वाजली आणि काहीतरी इंग्रजीत पाटी आली. लांबलचक. मी पिवळं बटण दाबलं. परत पाटी आली, परत दाबलं. एवढं कळलं की पाल परत पाठवायची वेळ झाली. आणि तिथं माझा हात अडला. रिकामी कशी पाठवू? एक डबा तीन वर्षं घरात अडकलाय, आता ही पण? निदान हिला तरी रीतीनं पाठवावी. खेळात प्राण्याच्या हातात वस्तू देता येते. माझ्याकडं मधाचा एक गोळा होता, फार दिवसांपासून जपलेला. तो पालीच्या पुढच्या दोन पायांत दिला. गोंडस दिसत होती हो. मग पाठवली. चला, आपल्याकडून काही राहिलं नाही, असं म्हणून मी त्या रात्री शांत झोपले.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी दुपारी, लेकीला फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती एकदम म्हणाली, "आई, तिच्या हातात काही दिलं नाहीस ना?"

"दिलं की. मधाचा गोळा."

"अरे देवा."

मग तिनं समजावलं. त्या लांबलचक पाटीत तेच लिहिलेलं होतं. पाल रिकाम्या हातानं परत गेली तरच तिचा ड्रॅगन होतो. हातात काही असलं की ती पालच राहते. परत सगळं पहिल्यापासून, परत सात दिवस. मी म्हटलं, "मग राहू दे की पाल. खेळ तर आहे." तर लेक म्हणाली, "आई, काकूला तो उद्याच्या आत पाहिजे होता. तिची नात तिच्याजवळ येतच नाही. फोनवर बोलायला बसवली तरी पळून जाते. मराठी नीट येत नाही, आजीची ओळख नाही. मागच्या महिन्यात एवढंच म्हणाली, आजी, तू पोलादी ड्रॅगन आणलास तर माझ्या खोलीत झोप. काकू तेव्हापासून रोज त्या पालीला घेऊन तलावाला चालतेय."

मी फोन ठेवला. बाई एवढे जड गुडघे घेऊन महिनाभर एका पालीला वाढवत होती, नातीच्या खोलीत जागा मिळावी म्हणून. आणि बोलणं सोडलेल्या जावेकडं पाल पाठवायला तिनं मान खाली घातली. बोलणं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतं, 'धाकटे, हातात काही देऊ नकोस.' तेवढं एक वाक्य आमच्यात नव्हतं. माझ्या शहाणपणाला आग लागो, असं मला वाटलं.

मग मात्र पाय निघाला. आधी शेंगापोळ्या केल्या, प्रवासात टिकतात म्हणून. फडताळातून डबा काढला, पोळ्या भरल्या आणि संध्याकाळी चार दुकानं चालत गेले.

दार अक्कांनीच उघडलं. घरात सगळीकडं खोकी बांधलेली. मला बघून त्यांनी वाटेतलं एक खोकं पायानं बाजूला सारलं. मग म्हणाल्या, "बा, कुंद्र." ये, बस म्हणायचं त्यांचं माहेरचं कानडी. रागात असल्या की त्या मराठी बोलतात, म्हणून माझा जीव जरा भांड्यात पडला.

मी बसलेच नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. पाटी वाचली नाही, पिवळं बटण दाबलं, मधाचा गोळा दिला, ड्रॅगन मी घालवला, माझं चुकलं. सांगता सांगता माझा आवाज चिरकला, त्याचा मला रागच आला.

"आणि तुला कुणी सांगितलं व्हतं तिच्या हातात गूळ-साखर द्याला?" अक्का म्हणाल्या. मराठीत!

"रिकामी कशी पाठवू, अक्का?"

त्यांनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं रडतायत. बघते तर खांदे हलतायत, हसू आवरत नव्हतं. "लई शानी हाईस," त्या म्हणाल्या, "मी सुदिक तेच केलं असतं की. काल पाल उघडून बघितली, हातात गोळा! म्हटलं, झालं, हिच्या आईनं हिला लावलेलं वळण माझा ड्रॅगन खाऊन बसलं."

"आणि नात?"

तेव्हा हसू थांबलं. "बघू," त्या म्हणाल्या. "हालमधी झोपीन. घर मोठं हाय म्हणत्यात." त्यांनी ते असं म्हटलं की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

विषय बदलायला मी डाफरले, "पण पालीला माझं नाव का ठेवलंत तुमी? दुसरं नाही सुचलं?"

"नाव काय ठिवायचं, म्हणून इचारत व्हतं फोनात," अक्का म्हणाल्या. "सव्वीस वर्सं दिवसभर 'धाकटे, धाकटे' म्हणून हाक मारली. तीन वर्सं झाली, हाक मारायला घरात कोण नव्हतं. मग हिला मारली."

मी तिथल्याच एका खोक्यावर बसले आणि रडले. त्याही रडल्या. थोरले दीर आतून आले, आम्हाला पाहिलं आणि आल्या पावली आत गेले.

मग अक्का डबा घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. मला म्हणाल्या, "हितंच बस." आतून उखळाचा आवाज येऊ लागला, धप्प, धप्प. बांधाबांध झालेल्या घरात ही बाई चटणी कुटत होती. थोड्या वेळानं डबा माझ्या हातात आला, भरलेला, गरम वासाचा. मी म्हटलं, "अहो, तुमचा डबा द्यायला आले होते मी." त्या म्हणाल्या, "रिकामा कसा पाठवू? ने. आता तुजी पाळी."

रविवारी सकाळी ते दोघं गेले. दुपारी मी कडक भाकरी मोडली, चटणी घेतली, वर तेल घातलं आणि पहिला घास खाल्ला. मग दुसरा खाल्ला. नवऱ्याला म्हटलं, "बघा हो जरा." त्यानं खाल्ली, माझ्याकडं पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढं केला.

मीठ घातलंच नव्हतं. एक कणसुद्धा नाही. भरल्या डोळ्यांनी कुटतानाही बाई ते विसरली नव्हती. मी इतकी हसले की उचकी लागली. गाडी तेव्हा गुलबर्ग्याच्या पुढं गेली असेल, नाहीतर मी स्टेशनात जाऊन भांडले असते.

नऊ दिवस काही फोन नाही. मीही केला नाही. बाईला नव्या घरात रुळू द्यावं, आणि नातीचं काय झालं ते विचारायला माझी जीभ उचलत नव्हती. तलावाला फेऱ्या मारत होते, समोरून कुणी येत नव्हतं.

दहाव्या दिवशी दुकानात घंटा वाजली. पत्र्याची पाल. डोक्यावर 'धाकटी.' मी तिच्याकडं नीट न बघताच अक्कांना फोन लावला. पलीकडून आधी एका लहान मुलीचा आवाज आला, इंग्रजी, कानडी आणि मराठीची भेळ. ती धाडधाड विचारत होती की पाल पोचली का, तिच्या हातात काय आहे ते बघितलं का, आणि आता तुम्ही काय घालून पाठवणार?

मागून अक्का ओरडल्या, "मला दे गं फोन!" मग माझ्याशी, हळू आवाजात, "रोज जिना उतरून खाली पालीला फिरवायला नेती मला. पालीनं गोळा का धरलाय, म्हणून इचारलं तिनं. मी सांगितलं, आपल्यात रिकामं पाठवत न्हाईत. तवापासून ड्रॅगन नको म्हणती. काय घालून पाठवायचं, ह्याचाच इचार चाललाय दोगींचा रात्री झोपताना."

"झोपताना कुठं?" मी विचारलं.

"तिच्या खोलीत की. आनि कुठं?"

मी फोन कानावरून काढला आणि पालीकडं नीट बघितलं. मान तिरकी करून ती माझ्याकडं बघत होती. पुढच्या दोन पायांत तिनं धरला होता एक मिठाचा खडा.